लिफ्ट नेमकी कोणत्या काळात अडकली?

उमेदवार नवा शर्ट घालून दारात उभा राहिला, तेव्हा बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कॉलर नीट केली आणि एवढंच म्हटलं, “व्हा बाई पास एकदाचे.”

उमेदवार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयात, बाहेर जाणारी पत्रं पाकिटात घालून पाठवण्याच्या विभागात तो कारकून होता. हेडक्लार्क व्हायचं तर खात्याची इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागे. तो त्या परीक्षेला इतक्या नेमाने बसत आणि तितक्याच नेमाने नापास होत आला होता, की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला उमेदवारच म्हणत. बाकीचा पेपर तो बरा सोडवायचा. अर्ज लिहायचा, उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातूनच उचलून द्यायचा. पण ‘कंसातील क्रियापदाचे योग्य रूप भरा’ हा प्रश्न आला की त्याची बोबडी वळायची. माणूस आला, आला आहे, आला होता की येत राहिला होता, हे इंग्रजांना एवढं का टोचतं ते त्याला कधी कळलं नाही. आला ना? मग बसवा त्याला, पाणी द्या, असं त्याचं साधं म्हणणं.

ही सहावी खेप होती आणि नियमाप्रमाणे शेवटची. त्यातच, ज्या धाकट्या कारकुनाला त्याने पाकिटावर शिक्का कसा मारायचा ते हाताला धरून शिकवलं होतं, तो गेल्या खेपेलाच पास होऊन बसला होता. ज्येष्ठतेने हेडक्लार्कची जागा उमेदवाराचीच होती, पण आज पुन्हा गटांगळी खाल्ली तर ती त्या धाकट्याला जाणार. मग रोज सकाळी त्याच्यापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘साहेब, अर्ध्या दिवसाची रजा हवी होती.’ 

म्हणून गेले काही महिने तो वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे शिकवणीला जात होता. बाई म्हणजे निवृत्त इंग्रजी शिक्षिका, आणि त्यातून त्याच्याच शाळेतल्या. आता त्याचे केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, तरी बाई समोर आल्या की त्याचे दोन्ही तळहात आपोआप पाठीमागे जायचे. बाईंच्या देखत चुकीचं इंग्रजी वाक्य पुढे गेलेलं त्यांना खपत नसे. दवाखान्याची पाटी असो, दुकानाचं बिल असो, पर्समधून लाल पेन निघालंच म्हणून समजा. दवाखान्यातला कंपाउंडर तर बाई येताना दिसल्या की पाटी उलटी करून ठेवायचा.

तर, उमेदवाराने लिफ्ट बोलावली आणि लिफ्ट आली ती बाईंना घेऊनच. खांद्याला लांब बंदाची कापडी पिशवी, पिशवीत जुन्या प्रश्नपत्रिका.

“ये. बसस्टॉपपर्यंत येते मी. तेवढीच उजळणी होईल,” बाई म्हणाल्या.

उमेदवार आत शिरला. बाहेरचं लोखंडी दार लागलं, आतलं जाळीचं दार त्याने ओढून घेतलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट जुनीच होती, पण तिची देखभाल करणारी कंपनी नवी होती. नव्या कंपनीने पहिलं काम काय केलं असेल, तर आतला फोन काढून नेला आणि त्या जागी एक कागद चिकटवला. तक्रार फक्त मोबाइलवरून संदेश पाठवून करावी, ती इंग्रजीत असावी आणि पूर्ण वाक्यात असावी.

“सांग. ‘ती सकाळपासून कपडे धूत आहे.’ इंग्रजीत?”

उमेदवाराने छताकडे पाहिलं. “शी इज... वॉशिंग क्लोद्स... फ्रॉम मॉर्निंग.”

“अरे देवा!” म्हणत बाई कपाळाला हात लावून गर्रकन वळल्या. त्याबरोबर लिफ्टने एक गचका दिला आणि जागच्या जागी थांबली. जाळीबाहेर अर्धी भिंत होती आणि अर्धा तिसरा मजला.

उमेदवाराने होती नव्हती ती सगळी बटणं दाबली. धोक्याची घंटा दोनदा खोकली आणि गप्प बसली.

“अहो!” वरून बायकोचा आवाज आला. ती अजून दारातच होती. “काय झालं?”

“लिफ्ट अडकली!”

“अगं बाई! थांबा, वॉचमनला बघते!” आणि तिच्या चपला जिन्यावरून फटफटत गेल्या. थांबा म्हणायची तशी काही गरज नव्हती.

उमेदवाराने घाम पुसत मोबाइल काढला, कागदावरचा नंबर लावला आणि घाईघाईने लिहून पाठवलं, ‘लिफ्ट स्टॉप. कम फास्ट.’ उत्तर लगेच आलं. ते यंत्राने दिलेलं होतं. तुमचं म्हणणं आम्हाला समजलं नाही, क्षमस्व, कृपया पूर्ण वाक्यात लिहा, अशा अर्थाचं.

बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “बघ! यंत्राला कळतं, तुला कळत नाही. क्रियापद कुठाय यात? आता नीट लिही. लिफ्टचं काय झालंय?”

“अडकलीय, बाई.”

“ते झालं मराठीत. इंग्रजीत कोणता काळ?”

“बाई, पेपरला उशीर होतोय हो! गेटवर घंटा झाली की आत घेत नाहीत.”

“मग? परीक्षा तोंडावर, त्यात नेमका तुझा नावडता प्रश्न समोर आलाय, आणि तू मला घड्याळ दाखवतोस? लिही.”

उमेदवाराने लिहिलं, ‘द लिफ्ट स्टिक्स.’

“हा साधा वर्तमानकाळ. म्हणजे रोज अडकते. सूर्य पूर्वेला उगवतो ना, तशी.”

“रोजच अडकते की!”

“ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांग. खोड.”

‘द लिफ्ट स्टक.’

“साधा भूतकाळ. अडकली, कधीतरी. कंपनीचा माणूस म्हणेल, अडकली असेल बुवा, झालं गेलं विसरून जा. खोड.”

‘द लिफ्ट इज स्टिकिंग.’

“म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू अडकत चाललीय? खोड, खोड!”

उमेदवाराला रडू कोसळायचं बाकी होतं. खालून बायकोचा आवाज येत होता. वॉचमन जागेवर नाही, गच्चीवर असेल, बघून येते, म्हणून ती पुन्हा वर गेली. जाताना जाळीतून तिची चप्पल तेवढी दिसली.

“बाई, जाऊ द्या ना. ‘लिफ्ट इज स्टक’ लिहितो आणि पाठवतो.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. उमेदवाराचा जीव भांड्यात पडला. “पण कधीपासून? आत्ता अडकली की तासाभरापूर्वी, त्यांना कसं कळणार? नुसतं चालेलसं वाक्य मी पाठवू देणार नाही. नीट ऐक. सुरुवात मागे कधीतरी झाली, आणि जे झालं ते अजून आपल्या डोक्यावर बसलेलं आहे, उठायला तयार नाही. त्याला कोणता काळ?”

उमेदवाराने डोळे मिटले. सुरुवात मागे कधीतरी झाली. अजून डोक्यावर बसलंय. उठायला तयार नाही. आणि त्याला एकदम जुना शेजारी भेटल्यासारखं झालं. त्याची अख्खी परीक्षाच तर इतकी वर्षं याच काळात चालली होती!

“हॅज बीन?” तो चाचरत म्हणाला.

“शाब्बास!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की तो दचकला. शाळेपासून आजतागायत बाईंनी त्याला शाब्बास म्हटलेलं नव्हतं. त्याला भरूनच आलं. “आण तो मोबाइल. मी लिहिते, तू बघ. द लिफ्ट हॅज बीन स्टक... बिट्वीन द थर्ड अँड सेकंड फ्लोअर्स... फ्लोअर्सला एस... सिन्स...” चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल डोळ्यांशी धरून बाई एकेक अक्षर दाबू लागल्या.

बघायला सांगितलं म्हणून उमेदवार वाकून बघायला गेला, आणि त्याला भलतंच दिसलं. बाईंच्या पिशवीचा लांब बंद जाळीच्या दारात अडकला होता आणि दार दोन बोटं उघडं होतं. मघाशी बाई कपाळाला हात लावून वळल्या, तेव्हा बंदाबरोबर दारही ओढलं गेलं होतं. आतलं दार उघडं असेल तर ही लिफ्ट हलत नाही, हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते आठवायला डोकं मोकळं असावं लागतं, आणि उमेदवाराच्या डोक्यात काळच काळ भरलेले होते.

त्याने बंद सोडवला, दार खाडकन लावलं आणि बटण दाबलं. लिफ्ट कुरकुरली आणि निघाली.

“बाई, सुटली!” उमेदवार ओरडला.

“पाठवलं!” बाई त्याच क्षणी म्हणाल्या.



“परत घ्या ना, बाई.”

“गेलेलं वाक्य परत घेता येत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि का घ्यायचं? एकही चूक नाही त्यात.”

तीच तर गडबड झाली. इतकं स्वच्छ, नेमकं, मजल्यांसकट वाक्य कंपनीकडे बहुधा पहिल्यांदाच गेलं असावं. यंत्राला ते झटकन समजलं, कधी नव्हे ते कंपनीतला माणूस जागा झाला आणि त्याने थेट वॉचमनला फोन लावला. लिफ्टमध्ये माणसं आहेत, मेन स्विच बंद करा, आमचा मेकॅनिक येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. वॉचमन गच्चीवर नव्हताच, तो मीटरच्या खोलीत डबा खात बसला होता. नोकरीत कंपनीचा फोन त्याला प्रथमच येत होता. तो उठून उभा राहिला, हात धुतले आणि स्विच खाली ओढला.

लिफ्ट तळमजल्याच्या थोडी वर थांबली. दिवा गेला, पंखा गेला.

“बाई,” अंधारात उमेदवार म्हणाला, “आता खरीच अडकली.”

“म्हणजे आपलं वाक्य बरोबर होतं,” बाई म्हणाल्या, पण मघाचा जोर आवाजात नव्हता.

उमेदवाराने कंपनीला पुन्हा संदेश पाठवला. यंत्राने कळवलं की तक्रार आधीच नोंदवलेली आहे, मेन स्विच बंद करायला सांगितलेलं आहे, धीर धरा. आता काय कळवायचं? की लिफ्ट अडकली होती, ती सुटली, सुटल्याचं कळवायच्या आत न अडकलेली लिफ्ट तुम्हीच अडकवली, आणि ती अजून अडकून आहे?

“यात कोणकोणते काळ येतील, बाई?”

 बाई हळूच म्हणाल्या, “अवघड आहे रे.” बाईंना काही अवघड जातं हे उमेदवाराला आजच कळत होतं. त्याला ते ऐकून पेपरपेक्षा जास्त भीती वाटली.

तेवढ्यात बाहेरून ओळखीच्या चपला आणि ओळखीचा आवाज आला. बायकोला वॉचमन सापडला होता. मीटरच्या खोलीच्या दारात तो छाती काढून उभा होता.

“चालू करा तो स्विच!”

“नाही ताई. कंपनीचा फोन आहे. कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणाले.”

“मी कुठे लावतेय? तुम्हीच लावा!”

“मलापण नाही ताई. ‘कुणाला’मध्ये मी आलोच ना.”

पुढचं संभाषण उमेदवाराला नीट ऐकू आलं नाही. स्टीलचा डबा पडल्याचा आवाज आला, ‘अहो ताई, अहो ताई’ असं दोनदा आलं, आणि दिवा लागला. उमेदवाराने बटण दाबलं. लिफ्ट तळमजल्याला टेकली. दोन्ही दारं उघडून तो जो सुटला, तो मागे वळून न पाहता.

बस गेलेली होती. मग तो पळतच निघाला. नव्या शर्टाची इस्त्री पहिल्याच चौकात गेली. दुसऱ्या चौकात दम गेला. तिसऱ्यात आशाही गेली, पण पाय आपले पळत होते. धाकटा कारकून हेडक्लार्कच्या खुर्चीत मागे रेलून ‘बोला’ म्हणतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

परीक्षेचं ठिकाण म्हणजे मुख्य कार्यालयाची इमारत आणि तिचा सगळ्यात वरचा मजला. उमेदवार आत घुसला तेव्हा घंटा व्हायची वेळ केव्हाच टळली होती, पण गेट उघडं होतं. समोर लिफ्ट होती. तसलीच जाळीची, आणि बाजूला तसलाच कागद. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ जिना धरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये त्याला माणसांचा घोळका लागला.

“पेपर सुरू झाला का हो?” त्याने धापा टाकत विचारलं.

“कसला सुरू होतो?” शिपाई म्हणाला. “पेपर आत अडकलेत. लिफ्टमध्ये. परीक्षा घेणारे साहेब आणि त्यांचा असिस्टंट पण आत आहेत. थोड्या वेळात नाही सुटले तर परीक्षा रद्द म्हणतायत.”

 परीक्षा रद्द म्हणजे पुन्हा नवा अर्ज. आणि उमेदवाराचे अर्ज संपलेले होते. एवढ्यात लिफ्टमधून आवाज आले.

“‘वॉज स्टक’ लिहा!”

“वॉज नाही साहेब, ‘हॅड बीन’ येईल.”

“परीक्षा मी घेतो की तुम्ही?”

“तुम्हीच घेता साहेब, पण ‘सिन्स’ आलं की...”

“बरं, लिहा काय ते. आणि पाठवा लवकर!”

उमेदवाराला सकाळचा मेन स्विच आठवला. तो घोळक्यातून आत घुसला, नव्या शर्टासकट जिन्याच्या कठड्याशी आडवा झाला आणि जाळीतून डोकावून ओरडला, “साहेब, पाठवू नका! काहीही पाठवू नका! पाठवलंत की बंद पडेल!”

 “कोण आहे? मेकॅनिक आला का?”

“नाही साहेब, उमेदवार!”

“उमेदवारांनी हॉलमध्ये जाऊन बसावं!”

“बसून काय करू साहेब? पेपर तुमच्याकडे आहेत!” जिन्यावर कुणीतरी फिसकन हसलं. उमेदवाराचं तिकडे लक्ष नव्हतं. “साहेब, ती पेपरची बॅग आहे ना, तिचा पट्टा बघा. जाळीच्या दारात आलाय. हा इथून दिसतोय मला. तो सोडवा, दार गच्च लावा आणि बटण दाबा.”

“थांबा, आमचं एवढं वाक्य पूर्ण होऊ द्या.”

“राहू द्या साहेब अर्धवट!” उमेदवार म्हणाला, आणि बाई कुठे मागे उभ्या नाहीत ना, हे त्याने सवयीने वळून पाहिलं.

आत खुडबुड झाली, दार खाडकन लागलं आणि लिफ्ट त्याच्या नाकासमोरून वर निघून गेली. साहेबांचे बूट तेवढे त्याने शेवटी पाहिले.

पेपर उशिरा सुरू झाला, म्हणून उशिरा संपला. ‘कंसातील क्रियापदाचे योग्य रूप भरा’ होताच. उमेदवाराने प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला, अडकलीय का सुटली? आणि जे सुचलं ते लिहून मोकळा झाला. मदत केली म्हणून साहेबांनी त्याला दोन मार्क जास्त दिले असं कुणी समजू नये. साहेबांनी त्याचं तोंडच पाहिलं नव्हतं, आणि त्याने पाहिले होते ते फक्त त्यांचे बूट.

निकाल लागला तेव्हा तो पास होता. काठावर. हेडक्लार्कच्या खुर्चीत बसला तरी ऑफिसात त्याला उमेदवारच म्हणत राहिले, पण धाकटा कारकून त्याच्यापुढे येऊन “अर्ध्या दिवसाची रजा हवी होती” असं म्हणाला. उमेदवाराने त्याला पूर्ण दिवसाची दिली.

निकालाच्या संध्याकाळी तो आनंदाची बातमी घेऊन वर निघाला, तर तळमजल्यावर लिफ्टपाशीच बाई भेटल्या. खांद्याला तीच पिशवी.

“पास झालो, बाई!”

“किती?”

“काठावर.”

“काठावर?” बाई लिफ्टमध्ये शिरता शिरता थबकल्या. “माझा विद्यार्थी आणि काठावर?”

“काठ तर काठ, बाई. बुडालो नाही ना!”

दोघं आत शिरली आणि बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ घट्टच होते, पण डोळे हसले. लगेच पर्समधून लाल पेन निघालं. “प्रश्नपत्रिका आहे ना जवळ? दाखव. कुठलं वाक्य चुकलास? क्रियापद कुठलं होतं?” असं म्हणत बाई त्याच्याकडे वळायला लागल्या, आणि पिशवीचा बंद जाळीकडे झुकला.

उमेदवाराने हात वर केला. “बाई, आधी दार.”

वाक्यात क्रियापदच नव्हतं. बाईंच्या ते चटकन लक्षात आलं, तोंड उघडलंही. मग त्यांनी ते मिटलं, बंद गोळा करून छातीशी धरला आणि मुकाट्याने दार लावलं.